लेकाच्या नावावर वडिलांचं दुखणं

आमच्या तंजावरात पुरुषांना काहीही झालं तरी ते उष्णच असतं. लघवीला जळजळ होते? उष्ण. जांघेत गाठ आली? उष्ण. नको त्या जागी फोड, पू, सूज? सगळं उष्ण, आणि इलाजही सगळ्यांचा ठरलेला. शहाळं प्यायचं, ताक प्यायचं, सब्जाचं बी भिजवून घ्यायचं, शनिवारी डोक्यावरून तेल घालून न्हायचं, बेंबीत एरंडेल सोडायचं. एवढं करून भागलं नाही की मेडिकलवाल्याकडून अर्धी पट्टी गोळ्या आणायच्या. त्यानेही भागलं नाही, दुखणं चांगलं मुरलं, की मग स्वारी माझ्याकडे येते. तीही कोपरावरचं गजकर्ण दाखवायला.

मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर आहे. दवाखान्याच्या पाटीवर दोन्ही शब्द एकाच आकारात आहेत. रंगाऱ्याने मला विचारलं होतं, "दुसरा शब्द जरा बारीक काढू का, अम्मा?" मी म्हटलं, बारीक अक्षर वाचायला माणसं जवळ येतील आणि चारचौघांत दिसतील, मोठंच काढ. माझ्या सासूबाई तमिळ, स्वभावाने फार गोड, पण आजही नातलगांत माझी ओळख करून देताना "कातडीची डॉक्टर" एवढंच सांगतात आणि पुढचं गिळून टाकतात. मी पुढचं मोठ्याने पुरं करते. मग पंगतीत थोडा वेळ कोणी सांबार मागत नाही. मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो लपवण्याइतकी मी सालस नाही.

पुरुष रोगी माझ्याकडे कसे बोलतात, हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. आधी बाई पाहून ते दचकतात. मग गजकर्ण दाखवतात, मलम घेतात, उठतात, दारापर्यंत जातात, कडीला हात लावतात आणि म्हणतात, "आणखी एक, डॉक्टरम्मा. माझ्या एका मित्राला..." मी कधी म्हणत नाही की तो मित्र तूच. मी म्हणते, "दार लावून घ्या आणि मित्राला खुर्चीवर बसवा." मित्र निमूट येऊन बसतो. त्यानंतर तो जे बोलतो ते ऐकायला मिळणं हा मी माझा मान समजते. बायकोला, भावाला, देवालाही न सांगितलेलं तो मला सांगतो.

फक्त आमची माणसं असलं काही घेऊन येत नसत. आमची म्हणजे तंजावरची मराठी माणसं, ज्यांना इथे रायर म्हणतात. आमची घरं थोडी आणि सगळी एकमेकांत गुंतलेली. दोन मराठी माणसं भेटली की कॉफीचा पहिला घोट पोटात जायच्या आत नातं निघतं. अशा लोकांनी माझ्याकडे कोंडा आणावा, चामखीळ आणावी, आणि बाकीचं गुपचूप तिरुचीला न्यावं, यात नवल नाही. ज्या बाईच्या शेजारी पुढच्या लग्नात बसून जेवायचं, तिला हे कसं दाखवणार? मला हे कळायचं, आणि रागही यायचा.

आमची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आम्ही बाहेर तमिळ बोलतो, पण दुसऱ्यांनी ऐकू नये असं काही बोलायचं असलं की लगेच मराठीत शिरतो, आणि तेही हळू नव्हे, चांगलं मोठ्याने. साडीच्या दुकानात विकणाऱ्यासमोर "महाग सांगतो, चल," असं आम्ही खुशाल म्हणतो. बसमध्ये शेजारणीच्या नाकाविषयी बोलतो. आपली भाषा कोणाला येत नाही, याची आम्हाला इतकी खात्री असते की समोरचं माणूस आपल्यातलंच असेल, हे ध्यानीही येत नाही. माझं आडनाव लग्नानंतर तमिळ झालं. पाटीवर तेच आहे. मराठी लिहायला-वाचायला तर मी पुण्यात शिकले, पुढचं शिक्षण घ्यायला गेले तेव्हा, वसतिगृहातल्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या म्हणून ईर्षेने. पण पाटी वाचून हे कोणाला कळणार?

तर एका सकाळी बापलेक आले. (त्यांची ओळख पटेल असं मी काही लिहिणार नाही, चार गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत.) तिरुवैयारुच्या पलीकडच्या एका गावचे. वडील पन्नाशीचे, सरकारी कचेरीत मोठ्या टेबलावर बसणारे, थोडी भातशेती असलेले, पांढरी वेष्टी म्हणजे इथलं धोतर, कपाळाला गंध. मुलगा चेन्नईला कंपनीत नोकरीला, लग्नाचा, मुली पाहणं चालू म्हणून रजेवर आलेला. नंबराची चिठ्ठी मुलाच्या नावाची होती.

वडिलांनी तमिळमध्ये सुरुवात केली. "मुलगा बाहेर हॉटेलात खातो, डॉक्टरम्मा. अंगात उष्ण झालं आहे."

मी मुलाला विचारलं, त्रास कधीपासून? मुलगा माझ्याकडे न पाहता वडिलांकडे वळला आणि अगदी सहज, स्वच्छ मराठीत म्हणाला, "अप्पा, किती दीस झाले म्हणून सांगूं?"

"आठवड्याच्या वर झालें म्हण," अप्पा म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मुलाने मला तमिळमध्ये सांगितलं, आठवड्याच्या वर झालं. मी विचारलं, पू येतो का? कसा?

"अप्पा?"

"पिवळें. सकाळीं उठल्यावर जास्त. आणिक लघवीस बसलें की आग होते म्हणून सांग. गोळ्या घेतल्या, दोन दीस उतरलें, परत आलें."

मुलाने भाषांतर केलं, आणि मानलं पाहिजे, चांगलं केलं. मला हसू आवरेना. मी मान खाली घालून लिहीत राहिले. मग म्हटलं, पडद्यामागे चला, तपासते. मुलगा पांढरा पडला आणि वडिलांकडे पाहून म्हणाला, "अप्पा, तपासतें म्हणते! आतां काय दाखवूं हिला?"

मी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काही दाखवूं नका हो," मी मराठीत म्हटलं. "अप्पा, तुम्ही या आंत. सकाळीं नुसती आग होते की दुखतेंही?"

 मुलाला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत तो हसत राहिला. अप्पा उठून उभे राहिले, पुन्हा बसले आणि आपल्या सगळ्यांच्या तोंडी येतं तेच त्यांच्याही तोंडी आलं. "तुम्ही कोणाच्या घरच्या?"

"आज मी कोणाच्याच घरची नाही," मी म्हटलं. "आणि तुम्हीही नाही. नातं काढूं नका, मीही काढणार नाही. इथें तुम्ही रोगी, मी डॉक्टर."

हे वाक्य मी आधी कधी बोलले नव्हते. बोलले आणि मला फार बरं वाटलं. अप्पा पडद्यामागे आले.

तपासलं, नमुना घेतला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मला शंका होती तोच आजार निघाला, अगदी नेहमीचा, एका इंजेक्शनाने आणि थोड्या गोळ्यांनी बरा होणारा. इतर आजारांसाठी रक्तही घेतलं. ते पुढे चांगलं निघालं. मी त्यांना सांगितलं की अर्ध्या पट्टीने लक्षण दबतं, आजार आत तसाच राहतो. कोठून आला ते मला औषधापुरतंच ऐकायचं होतं. कचेरीच्या कामाने परगावी गेले असताना एकदा पाय घसरला, असं ते भिंतीकडे पाहून बोलले. मी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी मान वर केली. मी कीर्तन करीन अशी त्यांची अपेक्षा असावी.

पुढचा प्रश्न बायकोचा होता. त्यानंतर जवळ गेलात का? हो. मग त्यांनाही आणा, त्यांनाही औषध लागेल.

"तिला काही त्रास नाही," अप्पा म्हणाले.

मी समजावलं. बायकांना पुष्कळदा कळत नाही. वरून काही दिसत नाही, आत सूज राहते. पोट दुखतं, अंगावरून जातं, आणि त्या वयाचं म्हणून सोडून देतात. आणि त्यांना औषध दिलं नाही तर तुम्हाला पुन्हा होईल.

 अप्पा खुर्ची पुढे ओढून, मोठी युक्ती सुचल्यासारखे म्हणाले, "गोळ्या द्या. कुटून कापींत घालून देतों. तिला कळायचेंही नाही."

कॉफीत चोरून गोळी! माझं डोकं फिरलं. माझा आवाज चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं सावरून बसतात, असं सिस्टर सांगते. मी म्हटलं, "ज्या बाईच्या अंगात तुम्ही आजार न सांगता घातलात, तिच्या अंगात औषधही न सांगता घालणार? तिला काही झालं तर? तिला कुठली गोळी चालत नसली तर? ते अंग तिचं आहे. तुम्ही सांगा किंवा सांगू नका, पण माझ्या हातून चोरून गोळी जाणार नाही."

"तुम्ही सांगा मग," ते म्हणाले.

"मी नाही. सांगायचं तुम्हीच. मी जवळ बसेन."

ते उठले. नमस्कार केला, औषधं घेतली आणि बाहेर पडले. मुलगा मागे रेंगाळला. त्याच्याकडून मला उरलेलं समजलं, आणि मघाचं माझं हसू मला टोचू लागलं.

कपडे अम्मा, म्हणजे त्याची आई, धुते. मशीन आहे, पण आतले कपडे ती हाताने धुते. तिला एकावर डाग दिसला. बापलेकांचे कपडे एकाच दुकानातले, एकाच मापाचे. तिने ते हातात धरून दोघांना विचारलं, "हें कोणाचें?" अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. मुलाने त्या पेपराकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझें, अम्मा."

तेव्हापासून अम्मा त्याच्याशी बोलली नव्हती. त्याचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, धुणं बादलीत वेगळं. मुलगी पाहायला कुंभकोणमला जायचं होतं, ते काही कारण सांगून रद्द केलं. आणि अप्पांना एवढंच म्हणाली होती, "घेऊन जा त्याला डॉक्टराकडे." म्हणून ते दोघे आले होते. मुलाने लक्षणं सांगायची, औषध मुलाच्या नावाने घ्यायचं, आणि अप्पांनी खायचं.

"पेल्याने आणि टॉवेलने हा आजार पसरत नाही म्हणून सांग तिला," मी म्हटलं. 

"ती माझ्याशीं बोलली तर सांगीन ना, अक्का," तो म्हणाला. नातं काढायचं नाही असं बजावूनही अक्का म्हणाला. मी त्याला दटावलं नाही.

तो गेला, आणि मला त्या बाईची काळजी लागून राहिली. अप्पांनी घरी जाऊन गप्प बसायचं ठरवलं असतं तर मी काय करणार होते? ते बरे होतील, मुलगा चेन्नईला जाईल, सगळ्या गावात मुलाच्याच नावाने कुजबुज होईल, आणि ती बाई पोटात आजार घेऊन मुलावर रागावलेली राहील. दुसऱ्या कुठल्याही रोग्यासाठी मी इतक्या वेळा खिडकीकडे पाहिलं नसेल. आपल्या माणसांचा राग जास्त येतो आणि काळजीही जास्त वाटते. नातं काढा किंवा न काढा.

अप्पांना पुन्हा दाखवायला यायचं होतं. त्या दिवशी तिघेही आले. मुलगा बाहेर बाकावर बसला. पुढे अप्पा, मागे ती. उंच बाई, केसात मल्लिगै म्हणजे मोगरा, हातात भाजीची पिशवी. आमच्या बायका दवाखान्यात येतानाही पिशवी घेऊनच येतात, कारण परतताना बाजार वाटेतच असतो. तिचा चेहरा घट्ट होता. मी तिला खुर्ची दिली. "मुलाचें काय तें स्पष्ट सांगा, बाई," ती म्हणाली. अप्पांनी तिला काही सांगितलं नव्हतं, हे मला त्या वाक्यावरून कळलं.

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. पंख्याकडे पाहिलं, माझ्या टेबलावरच्या गणपतीकडे पाहिलं. मी थांबले. मला थांबता येतं, या धंद्यात ते शिकावंच लागतं.

तेवढ्यात माझी सिस्टर आत आली. ओरत्तनाडूहून बसने येते, कामाला वाघीण आहे, पण जिभेला हाड नाही. बाईची तपासणी आहे एवढं तिला माहीत होतं, म्हणून ती पडदा सारून तयारी करू लागली. करता करता तमिळमध्ये पुटपुटली, "या वयात यांना हा आजार. काय दिवस आलेत. बायकासुद्धा अशा वागायला लागल्या."

ती बाई ताठ झाली. माझं तोंड उघडलं होतं, सिस्टरला मी तिथल्या तिथे सोलणार होते. पण माझ्या आधी अप्पा बोलले. उभे राहून बोलले. मराठीत नव्हे, तमिळमध्ये, कचेरीत शिपायाला हाक मारतात तेवढ्या आवाजात, की दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जावं.

"एन्नालदान् वंददु. माझ्यामुळे आलं, सिस्टर. तिच्यात काही खोट नाही. माझ्या मुलातही नाही. मी चुकलो, आणि आजार माझा आहे."

बाहेर कोणीतरी खोकलं. सिस्टर हातातला ट्रे धरून तशीच उभी राहिली.  मला त्या क्षणी त्यांचा किती अभिमान वाटला, कसं सांगू? मी दवाखाना काढल्यापासून शेकडो पुरुष पाहिले असतील. मित्राचं सांगणारे, उष्णाचं सांगणारे, बायकोवर ढकलणारे. भरल्या दवाखान्यात उभं राहून "आजार माझा आहे" म्हणणारा मी पहिलाच पाहत होते, आणि तो आमच्यातला होता. चूक त्यांची होती, इतके दिवस त्यांनी लेकाला पुढे केलं होतं, ते सगळं मी विसरले नव्हते. तरी माझी मान ताठ झाली.

ती बाई रडली नाही. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. मला म्हणाली, "माझ्या लेकाला काहीच नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून नव्हतें."

"आणिक माझें पोट दुखतें तें?"

"त्यानेंच असेल. तपासूं आपण. बरें होतें, पूर्ण बरें होतें. औषध आहे."

तिने मान हलवली. पिशवी टेबलाला टेकवून ठेवली, उठली, आणि तपासणीच्या पडद्याकडे न जाता दार उघडून बाहेर गेली. दार उघडंच राहिलं. बाकावर पाच-सहा पुरुष होते, सगळे आपापल्या चपलांकडे पाहत होते. ती मुलाजवळ जाऊन बसली.

"कां घेतलेंस तुझ्यावर?" तिने विचारलं. "मज कां नाही सांगिटलें?"

मुलाने उघड्या दारातून अप्पांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी तर चेन्नईस जाणार, अम्मा. माझ्याशीं नाही बोललीस तरी चालेल. अप्पांशीं बोलणें टाकलें असतेंस तर घरांत तूं कोणाशीं बोलली असतीस?"

ती त्याच्या दंडावर हात ठेवून बसली. किती वेळ ते मी पाहिलं नाही. मी टेबलावरचे कागद उगाच सरळ करत होते, कारण अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्याकडे पाहणं बरं नव्हतं. सिस्टरने स्वतःहून त्यांना पाण्याचा पेला दिला. त्यांनी घेतला.

मग ती आत आली. पदर सारखा केला, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"तुम्ही बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसा," ती म्हणाली. "एकटा बसलाय तो." आणि माझ्याकडे वळून, पडदा स्वतःच्या हाताने बाजूला करत म्हणाली, "हां बाई, आतां तपासा मला."